शोकेसवरचा राऊटर

वैशाखातली यात्रा आटोपली आणि आईचा मोबाईल बिघडला, असंच आम्ही आठ दिवस धरून चाललो होतो.

अमळनेरात सखाराम महाराजांची यात्रा म्हणजे घरात पाहुणे. एकादशीच्या रथाला धुळ्याची बहीण आली, पारोळ्याचे मामेभाऊ आले, सगळ्यांची पोरं आली आणि पौर्णिमेच्या पालखीपर्यंत राहिली. पोरांनी घरात पाय ठेवल्याबरोबर पाण्याच्या आधी वायफायचा पासवर्ड मागितला. पासवर्ड म्हणजे माझाच मोबाईल नंबर, सांगायला सोपा. तिकडे बोरीच्या पात्रात पाळणे फिरत होते आणि इकडे आमच्या माडीवर सहा मोबाईलांवर फुकटातलं क्रिकेट चालू होतं. कुठल्या साइटवरून, ते मी विचारलं नाही.

पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चष्मा लावून मोबाईल माझ्यासमोर धरून उभी.

"मन्हा मोबाईलम्हा हाई काय ई ऱ्हायनं?"

ती रोज सकाळी एका साइटवर पंचांग बघते. त्या जागी रम्मीचे पत्ते पिसणारी एक बाई हसत होती आणि खाली पहिल्या डावाला बोनस लिहिलेला. मागे गेलं तरी तेच, पुन्हा उघडलं तरी तेच. मी बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात गेलो. त्याने आत नेऊन दहा मिनिटांनी आणून दिला. "व्हायरस होता, काढला." 300 रुपये. दुकानात पंचांग व्यवस्थित उघडलं. घरी आल्यावर पुन्हा रम्मी. दुसऱ्यांदा गेलो, दुकानात पुन्हा सगळं ठीक. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता, पण उन्हाचा पारा 44 वर असताना उजेड नको तिथेच पडतो.

मी दुकानदारांचे हिशेब लिहितो. कापडवाले, धान्यवाले, दोन-तीन जिनिंगवाले यांची जीएसटीची रिटर्न घरूनच भरतो. म्हणजे इंटरनेट माझ्याकडे करमणुकीला नाही, पोटाला लागतं. त्याच आठवड्यात माझ्या लॅपटॉपवरही दोनदा लाल त्रिकोण आला: तुमचं कनेक्शन खाजगी नाही. आणि मी काय केलं? 'प्रगत' वर टिचकी मारली आणि तरीही पुढे जा म्हटलं. ही सवय मला कामानेच लावली आहे. कुठल्या ना कुठल्या साइटचं प्रमाणपत्र कधी ना कधी मुदत संपून पडलेलं असतं, आणि काम तर आजच करायचं असतं. अशी शंभरदा पुढे गेलेली बोटं एकशे एकाव्या वेळी थांबत नाहीत. या एका टिचकीचा घोर मी पुढे पंधरा दिवस बाळगला.

माझा भाचा पुण्यात नेटवर्कचं काम करतो. रात्री त्याला फोन लावला.

"मामा, वायफाय बंद करा आणि सिमच्या नेटवर बघा."

पंचांग उघडलं. तिथी, नक्षत्र, सगळं जागच्या जागी.

"आता वायफाय चालू करा."

रम्मीवाली बाई.

"मोबाईलला उगाच दवाखान्यात नेलंत मामा. राऊटर कुठे आहे?"

राऊटर शोकेसवर, विठ्ठलाच्या तसबिरीमागे. 2013 साली केबलवाल्याने वायरचं नेट दिलं तेव्हा बसवलेला. पुढे फायबर आलं, नवा पांढरा डबा भिंतीवर बसला, पण वायफायसाठी त्याने हाच जुना ठेवला. "चांगला शे, भाऊ, कसाले नवा घेतस?" मलाही पटलं. बारा वर्षं न कुरकुरता चाललेली घरातली दुसरी वस्तू म्हणजे आईचं शिवणयंत्र. मी तो खाली काढला. वरच्या फटींमध्ये झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अडकलेल्या, कारण दसऱ्याला आई वहीखात्यांबरोबर लॅपटॉपची पूजा करते आणि उरलेली फुलं राऊटरला वाहते. एका अँटेनावर हळदीचं बोट. खालचं स्टिकर उष्णतेने पिवळं पडून त्यावरची अक्षरं उडालेली. मोबाईलच्या बॅटरीत तिरपं धरल्यावर 192.168.0.1 एवढं वाचता आलं, आणि त्याखाली दोनदा एकच शब्द: ॲडमिन, ॲडमिन.

"तेच टाकून बघा," भाचा म्हणाला.

उघडलं. बारा वर्षांत ते कुणीच बदललं नव्हतं. केबलवाल्याने नाही, कारण गावभरच्या राऊटरांना एकच पासवर्ड असला की त्याला लक्षात ठेवावा लागत नाही. मी नाही, कारण राऊटरला वायफायच्या पासवर्डाशिवाय आणखी एक पासवर्ड असतो हेच मला त्या रात्री कळलं. वायफायचा पासवर्ड घरात शिरायचा. हा दुसरा म्हणजे घराचे दरवाजे कुठे बसवायचे ते ठरवायचा.

आत मेनूंची लांबलचक रांग. भाच्याने एकेक वाचायला लावलं. डीएनएस नावाच्या ओळीपाशी तो थांबला. तिथे दोन आकडे होते आणि 'आपोआप'वरची खूण काढलेली. "हे तुम्ही टाकलेत?" मी कशाला टाकेन. त्याने त्याच्या बाजूने शोधलं, परदेशात भाड्याने घेतलेला कुठलातरी सर्व्हर निघाला.

डीएनएस म्हणजे काय हे मला त्याने दोनदा सांगितलं, दोनदा डोक्यावरून गेलं, मग मी माझ्या पद्धतीने समजून घेतलं. आपल्या एसटी स्टँडवर चौकशीची खिडकी असते. आपण विचारतो, पारोळ्याची गाडी कुठे लागते? खिडकीतला सांगतो, तीन नंबर. आपण बोर्ड न वाचता चढतो. साइटचं नाव आपल्याला ठाऊक असतं, पण मशीनला आकड्यांचा पत्ता लागतो, तो डीएनएसची खिडकी सांगते. माझ्या राऊटरमध्ये ती खिडकीच कुणीतरी बदलली होती. तिथे बसलेला माणूस बहुतेक प्रश्नांना खरं उत्तर द्यायचा, म्हणून आठ दिवस कुणाला संशय आला नाही; मधूनच एखाद्याला रम्मीच्या गाडीत बसवायचा. आणि तो लाल त्रिकोण म्हणजे गाडीत चढल्यावर कंडक्टरने विचारलेलं, "नक्की पारोळ्यालाच ना?" साइट 'एचटीटीपीएस'ची असेल तर ब्राउझर समोरच्याचं ओळखपत्र तपासतो, ते जुळलं नाही की ओरडतो. मी त्याला गप्प बसवून पुढे गेलो होतो.

आत शिरलं कोण, कसं? मला वाटत होतं कुणी परदेशातला माणूस रात्र जागून माझ्या मागे लागला. भाचा हसला. राऊटरच्या पानावर बाहेरचा पत्ता 100.64 ने सुरू होत होता. म्हणजे केबलवाला एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं कोंबतो, बाहेरून थेट माझ्या दारापर्यंत येणं अवघड. मग उरतात आतल्या वाटा. एक म्हणजे त्याच केबलवाल्याच्या जाळ्यातलं दुसरं बाधित घर. दुसरी जास्त गमतीची: घरातल्याच एखाद्या मोबाईलवर साइट उघडायची, तिच्यातली जाहिरात ब्राउझरकरवी गुपचूप 192.168.0.1 ला निरोप पाठवते, ॲडमिन-ॲडमिन लावून बघते, लागलं की डीएनएस बदलते. चोर बाहेरून येत नाही, घरातला पाहुणाच कडी काढतो, तीही नकळत. मला माडीवरचे सहा मोबाईल आठवले. पण पोरांना दोष देणार कसा? कडीला कुलूपच नव्हतं.

ॲडमिन-ॲडमिनचा इतिहास मोठा आहे. 2016 साली मिराई नावाच्या प्रोग्रामने अशाच कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या घेऊन जगभरातले कॅमेरे आणि राऊटर धुंडाळले. त्या फौजेने 21 ऑक्टोबर 2016 ला डाइन या अमेरिकी डीएनएस कंपनीवर चाल केली आणि तिकडे ट्विटर, नेटफ्लिक्स तासन्‌तास अडखळले. मूळ प्रोग्राम लिहिणारे विशीच्या आसपासचे तिघे तरुण निघाले. म्हणजे फार मोठी विद्या लागत नाही. लोक कुलूप बदलत नाहीत एवढ्या भरवशावर काम होतं.

त्या रात्री मी डीएनएस पुन्हा 'आपोआप' केलं आणि निवांत झोपलो. हीच माझी पहिली चूक. दोन दिवसांनी रम्मीवाली हजर. खिडकीतला माणूस हाकलला होता, पण ऑफिसची किल्ली, ॲडमिन-ॲडमिन, तशीच दारावर टांगलेली.

मग रीसेट. मागे एक बारीक भोक असतं, त्यात टोकदार काही घालून दहा सेकंद दाबायचं. आईने गोधडीची सुई दिली. दिवे एकदम विझले, पुन्हा लागले, आणि घरातलं नेट गेलं ते गेलंच. रीसेट केल्यावर पासवर्डाबरोबर केबलवाल्याने भरलेलं कनेक्शनचं यूजरनेमही पुसलं जातं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. (भाचा म्हणतो, सांगितलं होतं.) तारीख 20. जीएसटीची महिन्याची थ्री-बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, चार दुकानदारांची बाकी, प्रत्येकाचा दर अर्ध्या तासाला फोन. केबलवाला फोन उचलेना. लग्नतिथी दाट होती, तो वऱ्हाडात. शेवटी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, माडीच्या खिडकीत रेंज धरून, घामाने कीबोर्ड चिकट होईपर्यंत रिटर्न भरली. शेवटची रात्री पावणेअकराला गेली.

दुसऱ्या दिवशी केबलवाला आला. डायरी काढली, यूजरनेम भरलं, नेट चालू. मी झाला प्रकार सांगितला. त्याने मान डोलवली, पण मुद्दा एकच.

"चाली ऱ्हायना ना, भाऊ? मंग कसाले हात लावतस?"

आता त्या माणसाला काय उत्तर द्यावं? खान्देशात चालणाऱ्या वस्तूला कुणी हात लावत नाही. आमच्याकडे पंखा आवाज करेपर्यंत पंखा असतो आणि आवाज करायला लागला की 'आवाज करणारा पंखा' असतो, टाकायची वस्तू तो कधीच होत नाही. माझा राऊटर तर आवाजही करत नव्हता. खोट तिथेच होती. सायकलची चेन गंजली तर दिसते, इन्व्हर्टरचं पाणी आटलं तर तो ओरडतो. राऊटरचं आतलं सॉफ्टवेअर म्हातारं झालं तर हिरवा दिवा तसाच लुकलुकत राहतो, वेगही तोच.

पासवर्ड बदलला, दूरवरून व्यवस्थापनाची सोय बंद केली, तरी भाच्याचं समाधान होईना. "फर्मवेअर बघा." म्हणजे ते आतलं सॉफ्टवेअर. पहिल्याच पानावर बिल्ड म्हणून सहा आकडे होते. मला तो सिरीयल नंबर वाटला होता. वर्ष, महिना, दिवस असा वाचायचा असतो. 2013 चा मार्च. कंपनीच्या साइटवर मॉडेल शोधलं. एकाच नावाची हार्डवेअरची सहा-सात रूपं, आणि आपलं कुठलं ते त्या उडालेल्या स्टिकरवर. चुकीचं टाकलं तर राऊटर कायमचा बसतो. भिंगातून बघून रूप सापडलं, त्यापुढे शेवटचं अपडेट 2014 चं आणि शेजारी एक ओळ: या उत्पादनाची मदत बंद झाली आहे. म्हणजे दहा वर्षांहून जास्त काळ त्यात सापडलेली कुठलीच फट कुणी बुजवलेली नाही, आणि पुढे बुजवणारही नाही.

आणि या दहा वर्षांत फटी थोड्या सापडल्या का? 2014 मध्येच रॉम-झिरोचं प्रकरण गाजलं: काही जातीच्या राऊटरांकडे एका ठरावीक नावाची फाईल मागितली की ते पासवर्ड न विचारता सगळी सेटिंग हातात द्यायचे, आत ॲडमिनचा पासवर्डही. तुम्ही तो कितीही अवघड ठेवा. 2018 साली काही फायबरच्या डब्यांत तर पत्त्याच्या शेवटी एक शब्द जोडला की लॉगिनचं पानच वगळलं जायचं. हे ऐकल्यावर माझा 'पासवर्ड बदलला ना आता' हा धीर सुटला. जुन्या वाड्याला नवं कुलूप लावलं तरी मागची भिंत खचलेली असेल तर कुलपाचा काय उपयोग?

त्याच 2018 मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने, म्हणजे घुसखोर प्रोग्रामने, पाच लाखांवर राऊटर धरले होते, आणि एफबीआयने लोकांना विनंती केली की कृपा करून एकदा राऊटर बंद करून चालू करा. हे वाचून मला हसू आलं. आमच्याकडे ते काम वीज मंडळवाले न सांगता दिवसातून दोनदा करतात. पण बंद-चालूने फक्त मेमरीतला पाहुणा जातो. दार उघडं असेल तर तो तासाभरात परत.

लोक जुन्या राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून त्याला नवं आयुष्य देतात. माझी आशा त्यावर होती. भाच्याने माहिती काढली: 4 एमबी फ्लॅश, 32 एमबी रॅम. नव्या आवृत्त्या एवढ्याशा जागेत मावत नाहीत. "मामा, आता याला रिटायर करा. 2025 च्या मे महिन्यात एफबीआयने अशाच अपडेट बंद झालेल्या राऊटरांबद्दल इशारा दिला होता. द मून नावाचा मालवेअर त्यांत शिरतो आणि तुमचं कनेक्शन दुसऱ्यांना भाड्याने देतो. गुन्हा कुणाचा, पत्ता तुमचा." द मून पहिल्यांदा दिसला 2014 मध्ये. माझ्या राऊटरचं शेवटचं अपडेटही त्याच वर्षीचं. एकाने मैदान सोडलं त्याच साली दुसरा उतरला.

शनिवारी सकाळच्या गाडीने जळगावला गेलो, गोलाणी मार्केटात. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "किती अँटेनाचा पाहिजे?" दोन, चार, सहा, अशी मांडणीच होती, जसा काही जास्त शिंगांचा बैल जास्त ओढतो. मी विचारलं, याला अपडेट किती वर्षं येतील? तो माझ्याकडे बघत राहिला. "गॅरंटी तीन वर्षं, साहेब." गॅरंटी नाही हो, अपडेट. त्याने खोका उलटापालटा केला, मीही केला. कुठे काही छापलेलं नाही. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, बिस्किटावर असते; ज्यातून बँक, रिटर्न, आधार सगळं जातं त्या डब्यावर नाही. ब्रिटनने 29 एप्रिल 2024 पासून असा नियमच केला आहे: सगळ्यांना सारखा, सहज ओळखता येणारा पासवर्ड चालणार नाही आणि अपडेट किमान किती काळ देणार ते सांगावं लागेल. मला तो नियम गोलाणीच्या दुसऱ्या मजल्यावर हवा होता. दुकानदाराने मध्येच एक सेकंडहँडही दाखवला, "एकदम कंडिशनमध्ये". मी हात जोडले. शेवटी तिथेच उभं राहून मोबाईलवर कंपनीच्या साइटी चाळल्या, ज्या मॉडेलला गेल्या दोन-तीन महिन्यांत अपडेट आलं होतं आणि जे आपोआप अपडेट होतं ते घेतलं. अँटेना चार निघाल्या, त्याला माझा इलाज नव्हता.

नवा बसवायला अर्धा तास लागला. पासवर्ड प्रत्येक नगाला वेगळा, तरी बदलला. डब्ल्यूपीएस बंद केलं. बटण दाबून जोडायची ती सोय, जिच्या आठ आकडी पिनची तपासणी दोन तुकड्यांत होते आणि शेवटचा आकडा नुसता ताळा असतो, म्हणून कोट्यवधींऐवजी जास्तीत जास्त 11 हजार प्रयत्नांत ती सापडते. हे 2011 पासून जगजाहीर आहे. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय केलं. त्यावरून नेट मिळतं, पण घरातली मशीनं आणि राऊटरचं पान दिसत नाही. माझा जुना प्रिंटर मात्र वायफायच्या सुरक्षेच्या नव्या पद्धतीला, डब्ल्यूपीए 3 ला, ओळखच देईना. त्याच्यासाठी जुन्या डब्ल्यूपीए 2 चीही मुभा ठेवावी लागली. एक म्हातारा काढला तर दुसरा हटून बसला.

मग उरला तो टिचकीचा घोर. सिमच्या नेटवर बसून बँक, ईमेल, जीएसटी, सगळ्यांचे पासवर्ड बदलले. लॅपटॉप आणि मोबाईल सायबर स्वच्छता केंद्राच्या फुकट साधनांनी तपासले. हे केंद्र 2017 पासून सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था चालवते. बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट ओळ न ओळ वाचलं. पैसे गेले असते तर तात्काळ 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा होता, गेले नव्हते. सगळ्यात अवघड गेलं ते चार दुकानदारांना सांगणं. हिशेबनिसाच्या घरचं नेट असं होतं हे कोण कबूल करतो? धान्यवाले शेठ ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजे मन्हा पासवर्ड बी बदलू का?" बदला म्हटलं. ज्या कंपनीचं, विप्रोचं, जगभर कॉम्प्युटरवाले म्हणून नाव आहे, ती 1945 साली याच गावात तेल गाळायला निघाली होती. आणि मी शेठजींच्या गादीवर बसून त्यांना पासवर्डात एक आकडा आणि एक चिन्ह का लागतं ते समजावत होतो.

जुना राऊटर केबलवाल्याने मागितला. "टाकनं नही शे ते मले द्या, कोठे तरी लाई दिसू." मी दिला नाही. आईने दसऱ्याला वाहिलेल्या पाकळ्या झटकून तो पोटमाळ्यावर ठेवला.

समोरच्या नानांकडे हुबेहूब तसाच राऊटर आहे, त्याच माणसाने त्याच साली बसवलेला. त्यांना विचारून, त्यांच्यासमोर, त्यांच्याच मोबाईलवर उघडला. ॲडमिन, ॲडमिन. पान आलं. नाना चष्म्यावरून बघत म्हणाले, "येवढंच?" डीएनएस त्यांचं स्वच्छ होतं. मी सगळं सांगितलं, नवा घ्या म्हटलं. नानांनी शांतपणे विचारलं, "काही व्हयनं नही ना? मंग ऱ्हावू दे."

निदान पासवर्ड तरी बदलू द्या म्हणून बदलला, कागदावर लिहून दिला. संध्याकाळी बघतो तर नानांनी तो कागद सेलोटेपने राऊटरलाच चिकटवलेला, ठळक अक्षरांत. मी डोक्याला हात लावला आणि भाच्याला फोटो पाठवला.

त्याचं उत्तर आलं, "चालेल मामा. चोराला नानांची भिंत दिसत नाही. फक्त यात्रेच्या आधी काढायला सांगा."